कॅलिडोस्कोप चित्राच्या सांध्यावर पुन्हा पुन्हा येणारी रेघ: आधी ओळखा, मग काढा

फोटोशॉप किंवा गिंपसारख्या फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्ये फोटोतून एक पाचर कापायची, तिची आरशातली जोडीदार बनवायची आणि ही जोडी मध्याभोवती फिरवत वर्तुळ पुरं करायचं. कॅलिडोस्कोप चित्राची कृती एवढीच. पण चित्र पुरं झालं की सांध्यांवर केसासारखी रेघ दिसू लागते, कधी पांढरी, कधी काळपट. क्लोन ब्रशने (शेजारचे पिक्सेल उचलून वर रंगवणाऱ्या साधनाने) ती पुसता येते, पण पुढच्या फोटोला ती पुन्हा हजर होते. शिवाय बारा सांध्यांवरून हाताने ब्रश फिरवला की बाराही सांधे थोडेथोडे वेगळे होतात आणि ज्या सममितीसाठी एवढं केलं तीच बिघडते. तेव्हा ब्रश जरा बाजूला ठेवा.

मी बराच काळ प्रत्येक रेघेला एकच औषध देत होतो: तुकडे थोडे एकमेकांवर सरकवायचे. काही चित्रांत रेघ जायची, काहींत तशीच राहायची, आणि एकदा तर ती जास्त ठळक झाली. त्या चित्रावर दोन रात्री घालवल्यावर लक्षात आलं की दिसायला सारखी असलेली ही रेघ निदान पाच वेगवेगळ्या कारणांनी उमटते आणि एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही. म्हणून खाली आधी ओळखायची रीत दिली आहे. तिला दोन मिनिटंही लागत नाहीत.

पुढे पाचर म्हणजे फोटोतून कापलेला मूळ अरुंद तुकडा, आणि पाकळी म्हणजे पाचर अधिक तिचं प्रतिबिंब. बारा पाचरींच्या चित्रात पाचर 30 अंशांची आणि पाकळी 60 अंशांची असते.

ओळखायची रीत

झूम 100 टक्के करा. ही पायरी सोडू नका. अनेक सॉफ्टवेअर पडद्यावर दाखवण्यापुरते लेअर (चित्राचे एकावर एक ठेवलेले थर) आधी लहान करतात आणि मग एकावर एक ठेवतात. त्यामुळे 66.7 किंवा 33.3 टक्के झूमवर चित्रात नसलेल्या रेघाही दिसतात. 100 टक्क्यांवर रेघ गेली तर चित्र निर्दोष आहे. खात्रीसाठी सगळे लेअर एक करून पीएनजी काढा आणि तो उघडून बघा.

रेघ राहिलीच, तर सगळ्यांत खाली एक नवा लेअर घ्या आणि तो भडक मॅजेंटा (जांभळट गुलाबी) रंगाने भरा. फोटोत सहसा नसलेला रंग हवा, म्हणून मॅजेंटा. आता रेघेकडे बघा. तिच्यात गुलाबी झाक आली तर ती फट आहे, आणि खालचं तिथून डोकावतंय. रंग जराही बदलला नाही तर ती फट नाही, कारण पाचरीतच शोधायला हवं. या एका चाचणीत निम्मा प्रश्न सुटतो.

मग रेघा मोजा. बारा सांध्यांपैकी किती सांध्यांवर रेघ आहे? पाचर आणि प्रतिबिंब आळीपाळीने बसवलेले असतात, त्यामुळे चित्रात सांधे दोनच प्रकारचे असतात. एका प्रकारात पाचरीची डावी कड आपल्याच प्रतिबिंबाला भिडते, दुसऱ्यात उजवी कड. रेघ सगळ्या सांध्यांवर असेल तर दोष जोडणीच्या पद्धतीत आहे. एक सोडून एक सांध्यावर असेल तर पाचरीची कुठली तरी एक कड बिघडलेली आहे. आणि एकाच सांध्यावर असेल तर मोजमाप चुकलंय.

सगळ्या सांध्यांवर गुलाबी रेघ

सगळ्यांत जास्त आढळणारी हीच, आणि हिचं कारण समजून घेण्यासारखं आहे. पाचरीची कड तिरकी असते, पिक्सेल मात्र चौकोनी. तिरक्या कडेवर पायऱ्या दिसू नयेत म्हणून सॉफ्टवेअर कडेवरचे पिक्सेल अर्धवट पारदर्शक करतं. यालाच अँटी-अलायझिंग म्हणतात. समजा सांध्यावरचा एक पिक्सेल निम्मा या पाचरीत आहे, निम्मा शेजारणीत. दोघींनी तो 50 टक्के रंगवला. 50 आणि 50 मिळून 100 व्हायला हवेत असं आपल्याला वाटतं, पण लेअरची बेरीज होत नाही. वरचा लेअर 50 टक्के झाकतो. उरलेल्या 50 टक्क्यांचा निम्मा भाग खालचा लेअर झाकतो, म्हणजे 25. एकूण झाले 75. राहिलेल्या 25 टक्क्यांतून पार्श्वभूमी दिसते. वाटणी 70-30 अशी असली तरी 21 टक्के उघडे राहतातच. पार्श्वभूमी पांढरी असेल तर रेघ पांढरी, काळी असेल तर काळी.

त्यामुळे पाचर कितीही काटेकोर कापली तरी ही फट जात नाही. उलट तुकडे जितके अचूक बसतील तितकी ती बारीक आणि सरळ दिसते. इथे चुकीच्या जागी मेहनत करणारे पुष्कळ आहेत, मीही केली आहे.

चित्र आधीच तयार असेल तर सोपा उपाय असा. मॅजेंटा लेअर बंद करा, बाकीचे सगळे तुकडे एका लेअरमध्ये मिळवा आणि त्या लेअरच्या तीन प्रती त्याच जागी एकावर एक ठेवा. मग चारही लेअर एक करा. फटीतून दिसणारा भाग दर थराला चौपट घटतो: 25, मग सव्वासहा, मग दीड, मग अर्ध्या टक्क्याहून कमी. रेघ संपते, आणि कुठलाही तुकडा हलत नसल्यामुळे सममितीला धक्का लागत नाही. किंमत एकच: चित्राची बाहेरची कड गोल असेल तर ती थोडी खरखरीत होते. त्यासाठी बाहेरचा गोल मास्क (लेअरचा नको तो भाग झाकणारा पडदा) सगळ्यांत शेवटी, नव्याने लावा.

चित्र नव्याने करत असाल तर कापण्याआधी निवड (सिलेक्शन, म्हणजे कापण्यासाठी आखलेला भाग) एक पिक्सेलने वाढवा. फोटोशॉपमध्ये सिलेक्ट मेनूतल्या मॉडिफायमध्ये एक्स्पांड आहे, गिंपमध्ये सिलेक्ट मेनूतच ग्रो आहे. तुकडे एकमेकांवर पिक्सेलभर चढतात आणि फट उरत नाही. हे करताना एक चूक हमखास होते: निवड वाढवण्याऐवजी पाचरीचा कोनच 30 चा 30.5 केला जातो. मध्याजवळ हे चालून जातं. पण मध्यापासून 1500 पिक्सेलवर अर्धा अंश म्हणजे 13 पिक्सेल होतात. तेवढा तुकडा शेजारणीवर चढला की तिथली नक्षी जुळत नाही आणि केसाच्या रेघेच्या जागी चक्क तुटलेला सांधा दिसतो. माझ्या हातून रेघ ठळक झाली होती ती अशीच.

निवडीला फेदर (कड हळूहळू विरळ करणारी सोय) असेल तर तो शून्य करा. दोन-तीन पिक्सेलचा फेदर मागच्या कामातून तसाच राहून जातो आणि मग वर सांगितलेला हिशेब प्रत्येक सांध्यावर रुंद पट्ट्यात घडतो.

सगळ्या सांध्यांवर रेघ, पण गुलाबी नाही

ही बहुतेक वेळा शार्पनिंगची खूण असते. पाचर कापून झाल्यावर तिला धार दिली तर सॉफ्टवेअर कापलेल्या कडेलाही वस्तूची कड समजतं आणि तिथे उजळ किंवा गडद किनार काढतं. उपाय क्रमाचा आहे: धार नेहमी शेवटी, सगळं चित्र एक झाल्यावर द्यायची. फोटोतले दाणे (नॉइज) मात्र आधी, कापण्यापूर्वी कमी करायचे, कारण दाणे आरशात दुप्पट झाले की सांध्यालगत गाठींची माळ दिसते आणि माणसाच्या डोळ्याला त्यात लगेच चेहरे दिसायला लागतात. सेन्सरवरच्या धुळीचा डागही आधीच काढा. पाचरीतला एक डाग म्हणजे चित्रात बारा.

एक सोडून एक सांध्यावर रेघ

मला सगळ्यांत रस वाटतो तो या प्रकारात, कारण इथे जोडणी बरोबर असते आणि तरीही रेघ दिसते.

पहिलं कारण लेन्सचं. बहुतेक लेन्समध्ये फोटोच्या कोपऱ्यांकडे उजेड कमी होत जातो. पाचरीची एक कड फोटोच्या काठालगत असेल तर तीच तेवढी अंधारते. प्रतिबिंब तिला भिडलं की अंधार दोन्हीकडून एकत्र येतो आणि मध्यापासून बाहेर सहा काळपट आरे निघाल्यासारखे दिसतात. कापण्याआधी लेन्स करेक्शन करून घ्या, किंवा पाचर काठापासून आत सरकवा.

दुसरं कारण नीट बघितल्याशिवाय पटत नाही. सांध्याच्या दोन्ही बाजूंचे रंग मोजून बघा, आयड्रॉपरने किंवा इन्फो पॅनलमध्ये. आकडे जुळतात. झेप नाही, फट नाही. तरी डोळ्याला रेघ दिसते. असं होतं तेव्हा पाचरीत उजेडाचा उतार असतो, म्हणजे एका कडेकडून दुसरीकडे प्रकाश हळूहळू वाढत जातो, जसा आकाशाच्या किंवा एका बाजूने उजळलेल्या भिंतीच्या फोटोत. आरशात तो उतार उलटतो. सांध्यापर्यंत उजेड चढत येतो आणि तिथून लगेच उतरू लागतो. घराच्या आढ्यावर दोन छपरं भेटतात तसं. उताराची दिशा जिथे एकदम बदलते तिथे डोळा आपल्या आपण रेघ ओढतो. एर्न्स्ट माख या शास्त्रज्ञाने 1865 मध्ये याचं वर्णन केलं आणि या पट्ट्यांना आज त्याच्याच नावाने ओळखतात. म्हणजे ही रेघ चित्रात नसतेच, बघणाऱ्याच्या दृष्टीत असते. लेअर सरकवून, निवड वाढवून किंवा ब्रश फिरवून ती जात नाही, कारण पुसायला तिथे काही नसतं.

खरा पक्का पुरावा हवा असेल तर सांध्याच्या एका बाजूचे सगळे लेअर लपवा. उरलेल्या बाजूत कडेला कुठलीही रेघ दिसणार नाही. लेअर परत आणले की रेघही परत येते.

यावर उपाय म्हणजे तो उतार सपाट करणं. फोटोची एक प्रत घ्या, तिच्यावर भलामोठा गॉशियन ब्लर द्या, इतका की फक्त उजेडाचे ढग उरतील. ती प्रत उलट्या रंगांची करा, ब्लेंड मोड (खालच्या लेअरमध्ये मिसळायची पद्धत) सॉफ्ट लाइट ठेवा आणि ओपॅसिटी (अपारदर्शकता) उतार मावळेपर्यंत वाढवा. उजळ बाजू दबते, अंधारी बाजू वर येते, बारकावे तसेच राहतात. रंग फिके पडू नयेत म्हणून ती प्रत आधी राखाडी करून घ्यावी. हे सगळं मूळ फोटोवर करायचं, कापण्यापूर्वी. उतार पूर्ण मारून टाकू नका. थोडा राहिला तर चित्राला खोली येते. किती ठेवायचा हे फोटो बघून ठरवावं, त्याला आकडा नाही.

तिसरं कारण नक्षीचं. पानाची शीर, जिन्याचा कठडा, दोरी असं काही कडेला तिरकं येऊन आदळत असेल तर प्रतिबिंबात तिथे टोकदार व्ही तयार होतो. असे बारा-पंधरा व्ही एका सांध्यावर रांगेने आले की त्यांच्या टोकांचीच रेघ बनते. कडेला काटकोनात भिडणारी रेषाच सांधा ओलांडून न मोडता पलीकडे जाते. त्यामुळे पाचर कापण्यापूर्वी फोटो तिच्याखाली फिरवून बघा आणि ठळक रेषा कडेला जमेल तितक्या काटकोनात आणा. कधी तो टोकदार व्हीच हवा असतो, ताऱ्यासारख्या नक्षीत तो शोभतोही. तेव्हा तो ठेवावा.

एकाच ठिकाणी फुटलेला सांधा

पाचरींची संख्या मोजा. विषम असेल तर उत्तर मिळालं. पाचर, प्रतिबिंब, पाचर, प्रतिबिंब असं करत पाचवी किंवा सातवी बसली की ती पहिलीशेजारी येते आणि दोन्ही एकाच जातीच्या निघतात, त्यामुळे तो सांधा जुळूच शकत नाही. कॅलिडोस्कोपचा शोध लावणाऱ्या डेव्हिड ब्रूस्टरने काचेच्या आरशांतही हेच बघितलं होतं. 1816 चा शोध, 1817 चं पेटंट, आणि त्याने घातलेली अट अशी की दोन आरशांमधल्या कोनाने 360 ला भागल्यावर सम संख्या यावी. पाच पाकळ्याच हव्या असतील तर पाचर 72 अंशांची नको, 36 ची कापा, तिचं प्रतिबिंब जोडून 72 ची पाकळी करा आणि ती पाकळी पाच वेळा फिरवा. म्हणजे पाचरी दहा होतात आणि सगळे सांधे जुळतात.

संख्या सम असूनही एक सांधा फुटला असेल तर फिरवण्याच्या कोनाकडे बघा. सात पाकळ्यांसाठी 360 भागिले 7 म्हणजे 51.428571… असा न संपणारा आकडा येतो. खिडकीत 51.43 भरला आणि तेच फिरवणं पुन्हा पुन्हा वापरलं की शेवटपर्यंत शंभरावा भाग अंश जास्त होतो. फार नाही, पण मोठ्या चित्रात बाहेरच्या कडेला एक तृतीयांश पिक्सेलचा फरक पडतो. 60, 45, 30, 22.5 हे कोन पूर्ण भाग देतात, शक्यतो त्यांतलाच घ्या.

आणखी एक गोष्ट. फोटोशॉपमध्ये कंट्रोल-शिफ्ट-ऑल्ट-टी दाबत गेलं की प्रत्येक नवी पाकळी आधीच्या फिरवलेल्या पाकळीपासून बनते, मूळ पाकळीपासून नाही. साध्या लेअरवर प्रत्येक फिरवणीला पिक्सेल नव्याने मोजले जातात आणि थोडी धूसरता येते. सहावी पाकळी पाच वेळा धूसर झालेली असते. ती पहिल्या, अगदी कोऱ्या पाकळीशेजारी बसते, आणि तिथे एका बाजूला टोकदार व दुसऱ्या बाजूला मऊ असा सांधा दिसतो. फिरवण्यापूर्वी पाकळीचं स्मार्ट ऑब्जेक्ट करून घ्या. मग प्रत्येक प्रत मूळ पिक्सेलवरूनच मोजली जाते. जिथे ही सोय नाही तिथे प्रत्येक वेळी मूळ पाकळीची प्रत घेऊन तिला 60, 120, 180 असा पूर्ण कोन द्यावा. कंटाळवाणं आहे, पण धूसरता साचत नाही.

मध्यात भोक किंवा चिमुकला तारा

फिरवण्याचा बिंदू पाचरीच्या टोकावर नसला की हे होतं. ट्रान्सफॉर्मची चौकट आपला मध्य स्वतः ठरवते आणि तो लेअरच्या मध्यावर असतो, कॅनव्हासच्या नाही. फोटोशॉपच्या नव्या आवृत्त्यांत हा बिंदू मुळात लपवलेला असतो. वरच्या पट्टीतल्या खुणेवर टिचकी मारून तो दाखवावा लागतो. तो माउसने ओढण्यापेक्षा आकडे भरा. 3000 पिक्सेलच्या कॅनव्हाससाठी आडवा 1500, उभा 1500. कॅनव्हासची बाजू सम ठेवा. 3001 घेतली की मध्य एका पिक्सेलच्या पोटात जातो आणि अर्ध्या पिक्सेलचा घोळ सगळीकडे पसरतो.

रेघ येऊच नये अशी पद्धत

आठ पाचरी पुरेशा असतील तर फिरवण्याची गरजच नाही. आरशासारखं उलटवणं आणि 90 अंशांत वळवणं यांत प्रत्येक पिक्सेल जसाच्या तसा दुसऱ्या जागी जातो, नव्याने काही मोजलं जात नाही.

फोटोतून 1500 बाय 1500 चा चौरस घ्या. त्याची प्रत वर ठेवा, ती उजवीकडे 90 अंश वळवा, मग आडवी उलटवा. आता वरचा चौरस हा खालच्याचं कर्णावरचं प्रतिबिंब झाला. डाव्या वरच्या कोपऱ्यातून उजव्या खालच्या कोपऱ्यात जाणाऱ्या कर्णाच्या एका बाजूचा अर्धा भाग मास्कने झाका. खालचा चौरस अखंड असल्यामुळे फट पडायला जागाच नाही. दोन्ही एक करा, प्रत आडवी उलटवून उजवीकडे लावा. पुन्हा एक करा, प्रत उभी उलटवून खाली लावा. 3000 बाय 3000 चं चित्र तयार, सांधे आठ, धूसरता शून्य.

गिंप वापरणाऱ्यांना आणखी एक वाट आहे. 2.10 पासून फिल्टर्स मेनूतल्या डिस्टॉर्ट्समध्ये कॅलिडोस्कोप नावाचा फिल्टर मिळतो. तो तुकडे चिकटवत नाही; शेवटच्या चित्रातला प्रत्येक पिक्सेल मूळ फोटोत कुठून घ्यायचा हे थेट मोजतो, त्यामुळे गुलाबी फटीचा प्रश्न येत नाही. उजेडाचा उतार आणि तिरक्या रेषा यांवर मात्र त्याचाही इलाज नाही. तिथे फोटोच दुरुस्त करावा लागतो.

साठवताना मूळ काम पीएनजी किंवा टिफमध्ये ठेवा. जेपेग चित्राचे 8 बाय 8 पिक्सेलचे ठोकळे करतो आणि तिरक्या सांध्यावर ते ठोकळे दोन्ही बाजूंना सारखे पडत नाहीत. जास्त दाबलेल्या फाइलमध्ये सांध्याभोवती मळकट किनार दिसते.

एक सवय मी लावून घेतली आहे. बारा पाचरी बसवण्याआधी फक्त तीन बसवतो: मधे मूळ पाचर, डावीकडे एक प्रतिबिंब, उजवीकडे एक. चित्रात सांधे दोनच प्रकारचे असतात आणि ते दोन्ही इथेच दिसतात. मॅजेंटा खाली ठेवून, 100 टक्के झूमवर, दोन्ही कडा टोकापासून बाहेरपर्यंत बघून घेतो. काही खटकलं तर फोटो थोडा फिरवून पाचर पुन्हा कापतो, कारण तेव्हा फेकून द्यायचे तुकडे तीनच असतात.